सहावा गिअर गेला कुठे?

गिअरबॉक्स बदलायला निघालेल्या माणसाला मी आधी एवढंच विचारतो, की बाबा, तुला नेमकं खटकतंय काय? पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे, म्हणजे मियाटा या दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीचे मालक बहुतेक वेळा एकच उत्तर देतात. "हायवेला इंजिन फार ओरडतं. दुसऱ्या पिढीचा सहा गिअरचा बॉक्स टाकला की शांत होईल."

होत नाही. उलट आवाज थोडा वाढतो.

फळ्यावर दोन आकडे लिहितो. जुन्या पाचच्या बॉक्समध्ये पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८१४. नव्या सहाच्या बॉक्समध्ये सहाव्याचं ०.८४३. बाहेर जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाला किती फिरावं लागतं, ते हे आकडे सांगतात. ज्या वेगाला मिनिटाला ३,५०० फेरे पडत होते, तिथे आता ३,६२५ पडणार. एवढी खटपट करून पदरात हे.

मग जादाचा गिअर गेला कुठे? खाली गेला. या दोन्ही बॉक्समध्ये एक गिअर 'थेट' आहे. त्यात इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचा एक फेरा. पाचच्या बॉक्समध्ये तो चौथा, सहाच्या बॉक्समध्ये पाचवा. त्याच्या वर दोन्हीकडे एकेकच गिअर आहे. त्याच्या खाली मात्र तीनाचे चार झाले. पहिला ३.१३६ होता, तो ३.७६० झाला. गाडी जागेवरून उसळी मारते खरी, पण डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दुसरा टाकावा लागतो.

निम्मी गोष्ट अजून मागच्या चाकांपाशी आहे. तिथे डिफरन्शियल असतं, म्हणजे शाफ्टची फिरत चाकांकडे वळवणारा गिअरांचा डबा. १.६ लिटरच्या पहिल्या गाड्यांचं डिफरन्शियल ४.३ चं, म्हणजे शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. दुसऱ्या पिढीत सहाच्या बॉक्सबरोबर ३.९०९ चं डिफरन्शियल यायचं. कारखान्याने जोडी जुळवली होती. आपण जोडीतला एकच गडी उचलून आणतो. जोडी पूर्ण आणली, तर त्याच वेगाला फेरे ३,२९५ वर येतात. आता गंमत बघा. जुना पाचचा बॉक्स तसाच ठेवला आणि नुसतं ३.९०९ चं डिफरन्शियल टाकलं, तर ३,१८२! म्हणजे शांतता हवी असेल, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारणच नाही. अर्थात पहिला गिअर लांब होतो, गाडी सुटायला आळसावते. ती कसर भरून काढायलाच सहाच्या बॉक्समधला आखूड पहिला आहे. आणि डिफरन्शियल तरी एकटं कुठे येतं? १.६ च्या गाडीतलं लहान, १९९४ पासूनच्या १.८ लिटरच्या गाडीतलं मोठं. त्यामुळे गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्टही बदलावे लागतात.

बसवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. या गाडीत गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक लांब अ‍ॅल्युमिनियमची चौकट जाते. गिअरबॉक्सच्या शेपटीला दुसरा आधार नाही. एका मित्राच्या गाडीखाली मी खाली जॅक न लावता त्या चौकटीचे बोल्ट सैल केले होते. शेपटी जी धपकन बसली, तो आवाज अजून कानात आहे. पुढचा धडा परत जोडताना मिळाला. चौकटीची उंची न मोजता बोल्ट आवळले आणि गाडी ठरावीक वेगाला थरथरायला लागली. आम्ही दोन दिवस चाकांना दोष देत बसलो. क्लचही बघून घ्या: १.६ ला २०० मिलिमीटरचा, १.८ ला २१५ चा. क्लचची प्लेट एका गाडीची आणि ती ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, दुसऱ्या गाडीचं असं चालत नाही.

एवढं करूनही मियाटावाले सुखी म्हणायचे, कारण सगळं नटबोल्टवर भागतं. पोर्शे ९११ ला १९८७ च्या मॉडेलपासून ९१५ ऐवजी जी-५० हा गिअरबॉक्स आला. त्यासाठी कारखान्याला मागच्या टॉर्शन बारची (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्यांची) नळीच मधे वाकवावी लागली, क्लच केबलऐवजी हायड्रॉलिक झाला, रिव्हर्सची जागा बदलली. जुन्या ९११ मध्ये तो बॉक्स घालायचा, तर ती नळी कापून नवी वेल्ड करणं आलं. तिथे मेकॅनिक कमी आणि वेल्डर जास्त लागतो. आणि एकदा कापलेली गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची म्हटलं, की तोच खर्च दुसऱ्यांदा.

माझ्या स्वतःच्या मियाटात आजही पाचच गिअर आहेत, मागे ३.९०९ चं डिफरन्शियल आहे. चढावर सुटताना क्लच जरा जास्त वेळ अर्धवट दाबून धरावा लागतो. ते मी चालवून घेतो.