आधी खाली बसा, मग कॅमेरा उचला

मंडळी, कुत्र्यामांजरांचे फोटो काढायचे असतील तर आधी जमिनीवर बसायची, वेळ पडली तर पालथं पडायची तयारी ठेवा. उभ्यानं काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय आखूड आणि मान वर करून बघणारा प्राणी येतो. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणलीत की फोटो पार बदलतो.

सुरुवात घरच्या किंवा ओळखीच्या प्राण्यापासून करा. मांजरांच्या फोटोंसाठी नावाजलेले अमेरिकन छायाचित्रकार वॉल्टर चँडोहा यांची वाटही १९४९ मध्ये बर्फात सापडलेल्या एका पिल्लापासून सुरू झाली. ते पिल्लू त्यांनी घरी आणलं आणि मांजरांचा नाद पुढे आयुष्यभर सुटला नाही. घरच्या प्राण्याचा दिनक्रम आपल्याला पाठ असतो. ऊन कुठल्या खिडकीत आल्यावर तो तिथे जाऊन पसरतो, कशाच्या आवाजानं कान टवकारतो, हे ठाऊक असणं महागड्या लेन्सपेक्षा मोलाचं आहे. मोबाइलवर शिकलात तरी चालेल.

फ्लॅश मात्र बंद ठेवा. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांच्या आत, मागच्या बाजूला, प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात. खिडकीचा तिरका उजेड पुरतो. बसलेल्या प्राण्याला १/२५० सेकंदाचा शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर उघडं राहण्याचा वेळ, चालतो, धावणाऱ्याला १/१००० किंवा त्याहून जलद हवा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो बघवतो, हललेला दुरुस्त होत नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर. एफ हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि स्पष्ट दिसणारा भाग कमी. लांब नाकाच्या कुत्र्याला एफ १.८ वर जवळून टिपलंत तर नाक लख्ख आणि डोळे धूसर, असं हमखास होतं. एफ ४ च्या आसपास या.

काळ्या प्राण्याबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण काळ्या कुत्र्याचा फोटो चांगला येतच नाही असा समज फार पसरला आहे आणि मला तो खटकतो. समोर जे आहे ते मध्यम करड्या छटेचं, असं कॅमेरा धरून चालतो. चौकटभर काळा कुत्रा असला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळ्याचा राखाडी करून टाकतो. म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण-एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि कुत्र्याला अशा जागी बसवा की उजेड बाजूनं येऊन केसांवरून घसरेल. मग बघा, पाठीवरचा केस न् केस दिसतो! डोळ्यांत खिडकीचा ठिपका चमकतोय ना, एवढं शेवटी तपासा, नाहीतर काळ्या तोंडात डोळे हरवतात. पांढऱ्या मांजराला हेच उलट: एक्सपोजर थोडं वाढवायचं.

लक्ष वेधायला खेळणं वाजवा, पण दोनदाच. त्यानंतर त्यातली गंमत जाते. आणि प्राणी नको म्हणतो तेव्हा ते ओळखा. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पायांत घालणं ही कुत्र्याची लक्षणं. मांजर कान चपटे करतं, शेपूट आपटतं. अशा वेळी मालकाला ‘घट्ट धरून ठेवा’ असं कधीही सांगू नका. कॅमेरा खाली ठेवा, त्याला हवं तिकडे जाऊ द्या. तो आपणहून येऊन लेन्स हुंगेपर्यंत पुढचा फोटो काढायचा नाही, आणि त्या दिवशी नाहीच आला तर सत्र तिथेच संपवायचं.