आधी पाणी, मग साबण

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय 'घरच्या घरी धुण्याचा साबण'. कृती मी सांगणार आहे, वजनासकट सांगणार आहे. वही काढून बसलेल्या भगिनींनी निश्चिंत असावं. पण त्याआधी मला विचारायचंय, आपल्या घरचं पाणी कसं आहे ते किती जणांना ठाऊक आहे? गोड की सवळ, एवढं सगळ्यांनाच कळतं. एक बादली पाणी फेस यायच्या आधीच किती साबण गिळतं, ते कुणाला ठाऊक आहे? एकही हात वर आला नाही. मी त्यासाठीच आले आहे. धुण्याचा साबण चांगला की वाईट हे तेलापेक्षा पाण्यावर जास्त ठरतं, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात तर पाणी तालुक्या-तालुक्याला बदलतं.

माझं माहेर खानापूरकडचं, सासर अथणीकडचं. जिल्हा एकच, पण पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तांबडी माती, खाली जांभा, वर धो धो पाऊस. त्या मातीतला चुना पावसानं कधीच धुऊन नेलाय. मलप्रभा तिथंच कणकुंबीला उगम पावते. विहिरीचं पाणी इतकं मऊ की हाताचा साबण निघता निघत नाही. आणि पूर्वेला या, सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक, रायबाग, अथणी. काळी जमीन, नांगराला चुनखडीचे खडे लागतात, पाऊस कमी, बोअर खोल. ते पाणी जमिनीतून वर येताना चुना सोबत घेऊनच येतं. बंबाच्या तळाला पांढरा थर बसतो तो त्याचाच. डाळ शिजत नाही ती त्याच्यामुळंच. डाळ शिजली नाही म्हणून किती सुनांनी बोलणी खाल्लीत, हात वर करा बघू. बघा, आता कसे हात आले! आणि पुढच्या रांगेतल्या सासूबाईंनीही केलाय, म्हणजे त्यांनीही सून असताना खाल्लीत.

आमच्या आई कोकणातून आलेल्या खोबरेलाचा साबण करायच्या. लग्नात मी त्याच्या वड्या घेऊन सासरी गेले. पहिल्या धुण्याला आत्याबाई बादलीत वाकून बघतात आणि म्हणतात, "अगं सुनबाई, हे पाणी दूध फाटल्यागत झालंय की गं!" साबण तोच, हात तेच, पाणी तेवढं वेगळं. माझं शिक्षण रसायनशास्त्राचं, पुढं आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं, पण हा धडा मला त्या बादलीनं शिकवला.

झालं काय, ते थोडक्यात. साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचा सोडियमबरोबर झालेला क्षार. तो पाण्यात विरघळतो. पाण्यात चुन्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम असलं की ते सोडियमला बाजूला सारून स्वतः त्याची जागा घेतात. हा नवा क्षार पाण्यात विरघळत नाही. चिकट, करडा साका होऊन तो कापडाच्या धाग्यात अडकतो. पांढरा सदरा धुवून धुवून राखाडी होतो तो यामुळं. सगळं कॅल्शियम असं खर्ची पडल्याशिवाय फेस येतच नाही.

हिशेब करून दाखवते. पाणी तपासून आणलं की अहवालात टोटल हार्डनेसचा, म्हणजे पाण्यातल्या चुन्याचा, आकडा असतो, लिटरला किती मिलिग्रॅम असा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरचा आकडा 500 आला. 20 लिटरच्या बादलीत 10 ग्रॅम चुना झाला. एक ग्रॅम चुना सुमारे 6 ग्रॅम साबण खातो. म्हणजे 60 ग्रॅम साबण नुसता पाण्यात गेला, एका रुमालाचाही मळ निघायच्या आत. दीडशे ग्रॅमची वडी असेल तर अर्ध्याला थोडी कमी. आकडा 50 असलेल्या पाण्यात हेच 6 ग्रॅमवर भागतं. मंडळी, हे लिहून घ्या, कृती नाही लिहिली तरी चालेल.

आता जे सांगतेय त्याचा मला अजून राग आहे, म्हणून जरा वेळ लागेल. पूर्वेकडच्या एका गावात बचत गटाच्या बायकांना साबण करायचं प्रशिक्षण दिलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, देणाऱ्यांचंही नाही. दोन दिवसांचा कार्यक्रम, जेवण, प्रमाणपत्र, सगळं यथासांग. खोबरेल आणलं, तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा आणला, साचे आणले. बायकांनी हौसेनं वड्या पाडल्या. शेवटी प्रशिक्षकानं आधी मुरवून आणलेली वडी घेऊन सगळ्यांसमोर मळका टॉवेल धुतला, आणि काय फेस आला म्हणता! टाळ्या पडल्या. पाणी कुठलं होतं? गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावरचं, कॅनमधलं. नाणं टाकून आपण प्यायला आणतो ते. त्या यंत्रातून कॅल्शियम जवळजवळ सगळं निघून गेलेलं असतं. त्या पाण्यात कसलाही साबण फेसाळणार!

महिन्याभरानं वड्या मुरल्या. बायकांनी घरात वापरल्या, शेजारी विकल्या, बाजाराला नेऊन बसल्या. धुणं मात्र कॅनच्या पाण्यात कोण करणार? धुणं बोअरच्या पाण्यात. फेस नाही, कपडे कडक, पोरांचे शाळेचे सदरे करडे. गिऱ्हाईक भांडायला दारात. गटाच्या अध्यक्षबाई मला भेटल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, आमच्या हाताला गुण नाही म्हणतात सगळे." गटाचे पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे त्या बायकांचा स्वतःवरचा विश्वास गेला. हाताला गुण होता हो! वडी उत्तम होती, मी स्वतः खानापूरला नेऊन वापरून बघितली, नुसता फेसच फेस. दोन दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही, की बायांनो, तुम्ही धुणं कुठल्या पाण्यात करता? मोबाईलवर फिरणाऱ्या कृतींचंही तसंच. तेल इतकं, सोडा इतका, चार थेंब सुगंध. पाण्याबद्दल एक अक्षर नाही. एकच कृती कणकुंबीलाही आणि अथणीलाही कशी चालेल?

आणि आपल्या आज्यांना हे कळत होतं, हे मला ठासून सांगायचंय. त्या चुलीतली राख फडक्यातून गाळून, तिचं निवळ पाणी धुण्यात घालायच्या. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते चुना तळाला बसवतं आणि तेलकट मळही सोडवतं. म्हणजे आधी पाणी नीट करायचं, मग धुवायचं. गोकाककडच्या बायका अजून म्हणतात की कालव्याला धुतलेलं कापड उजळ निघतं. निघणारच, घटप्रभेचं पाणी सह्याद्रीतून येतं, ते बोअरपेक्षा मऊ असतं. परीट लोकही पाणी बघून घाट धरत. या भागात बाराव्या शतकात मडिवाळ माचिदेवांसारखे शरण, म्हणजे लिंगायत संत, होऊन गेले, कपडे धुण्याचं काम करत बसवण्णांच्या काळात वचनं लिहिणारे. धुण्याच्या कामाला कमी लेखायचं कारण आपल्याला कधीच नव्हतं.

मग साबण मागं का पडला? सनलाइट 1888 मध्ये विलायतेहून कलकत्त्याच्या बंदरात उतरला, तिथून वडीचं राज्य सुरू झालं. 1959 मध्ये सर्फ आलं, 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढली. ही पावडर साबण नसते, ती डिटर्जंट. तिचा कॅल्शियमबरोबर साका होत नाही, म्हणून सवळ पाण्यातही ती चालते. स्वस्त होती हे खरंच, पण आपल्या पूर्व भागात ती पाण्यामुळंही जिंकली. मला तिच्याशी भांडण नाही. ज्यांना घरचा साबण हवा, कुणाचे हात पावडरीनं फाटतात म्हणून, कुणाकडं तळणीचं तेल उरतं म्हणून, त्यांनी पाणी आधी बघावं, एवढंच मागणं आहे.

शहापूर-वडगावची विणकर मंडळी बसलीत, त्यांच्यासमोर रेशमावर बोलायला थोडं धाडस लागतं. तरी सांगते, गुळेदगुड्डचा खण असो की इरकलीचा रेशमी पदर, त्याला हा साबण लावू नका. साबण अल्कधर्मी, रेशीम प्राणिज, त्याला ते सोसत नाही. त्याला रिठा, ज्याला कन्नडमध्ये अंटवाळ म्हणतात तो. रिठ्याचं पाणी किंचित आंबट गुणाचं असतं, शिवाय चुन्याशी त्याचं वैर नाही. मात्र तेलाचा डाग त्यानं निघेल अशी आशा धरू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत म्हणतात. कृती भराभर सांगते.

पहिलं, पाण्याची परीक्षा. पारदर्शक बाटली अर्धी भरा, साबणाचा चिमूटभर कीस टाका, जोरात हलवा. फेस टिकला आणि खाली पाणी नितळ राहिलं तर मऊ. पाणी गढूळ होऊन साका तरंगला तर जड. जड असेल तर धुण्याचा सोडा. खाण्याचा नाही, तो वेगळा. आकडा 500 असेल तर 20 लिटरला 11 ग्रॅम सोडा पावडर, खड्याचा सोडा असेल तर अडीच-तीन पट. कोमट पाण्यात विरघळवून बादलीत घाला, ढवळा, थांबा, वरचं निवळ घ्या, आणि त्यात साबण वापरा.

आता वडी. नुसतं खोबरेल आज परवडत नाही. म्हणून तळणीचं उरलेलं तेल फडक्यातून गाळून 750 ग्रॅम, खोबरेल 250 ग्रॅम. कॉस्टिक सोडा 142 ग्रॅम, वजनानं, अंदाजानं नाही. नाली साफ करायची पावडर चालणार नाही, तिच्यात दुसरं काहीबाही असतं. पाणी 350 ग्रॅम, आणि हे मात्र कॅनचं किंवा पावसाचं घ्या. तेल बदललं की कॉस्टिकचं वजन बदलतं. नुसत्या खोबरेलाला किलोला 178 ग्रॅम लागतं, नुसत्या तळणीच्या तेलाला 130.

हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, पोरं बाहेर. कॉस्टिक पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं. अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि पेट घेणारा वायू सुटतो. पाणी आपोआप कढत होईल, कोमट होईतो थांबा, मग तेलात बारीक धार धरून एकाच दिशेनं ढवळत राहा. घट्ट होऊन पळीची रेघ वर दिसायला लागली की साच्यात ओता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच कापा आणि चार आठवडे हवेशीर जागी मांडून ठेवा. तळणीच्या तेलाची वडी जरा मऊ राहते, वास थोडा राहतो, धुण्याला चालते.

हातावर उडालं तर लिंबू, व्हिनेगर शोधत बसू नका. नळाखाली धरा, पंधरा मिनिटं तरी. डोळ्यात गेलं तर धूत धूतच डॉक्टरकडं.

पाणी तपासायला आणलेल्या बाटल्या व्यासपीठाच्या डाव्या टेबलावर ठेवा, गावाचं नाव आणि विहीर की बोअर ते चिकटवून. अथणी, रायबागच्या भगिनींनी आधी या, तुमची शेवटची गाडी लवकर सुटते.