रणवार : वांद्र्याच्या पोटातलं मराठी गाव

मंडळी, आज मी एका पाखाडीबद्दल, म्हणजे जुन्या छोट्या वस्तीबद्दल, बोलणार आहे. वांद्रे पश्चिमेला हिल रोडवरची खरेदीची गर्दी मागं टाकून वरोडा रोडला वळलं की दोन मिनिटांत गाडीचे हॉर्न मागं पडतात. रस्ता अरुंद होतो, घरं अंगाशी येतात. कौलारू छपरं, पुढं ओटा आणि वरच्या मजल्यावर जायला बाहेरूनच लाकडी जिना. हे रणवार. पूर्वीचं वांद्रे म्हणजे अशा चोवीस पाखाड्या, असं जुने लोक सांगतात. पाली, शेर्ली, राजन, माला, कांतवाडी, चिंबई ही नावं आजही कानावर येतात. बऱ्याच पाखाड्यांचं नाव तेवढं उरलंय. रणवार अजून डोळ्यांना दिसतं.

आपल्याकडं वांद्रे म्हटलं की लोक म्हणतात, ते ख्रिश्चनांचं, ते सिनेमावाल्यांचं. माझं म्हणणं सरळ आहे. रणवार हे साष्टीतलं, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडच्या उपनगरांच्या बेटावरचं, मराठी गाव आहे. भात लावणारं, विहिरीवर पाणी भरणारं, लग्नात मांडव घालणारं. फक्त आपण मराठी माणसांनी त्याला आपल्या गावांच्या यादीत कधी धरलं नाही.

थोडा इतिहास सांगतो. १५३४च्या तहानं वसई आणि तिच्याबरोबर साष्टी बेट पोर्तुगीजांकडं गेलं. पुढच्या काही दशकांत मिशनऱ्यांनी इथल्या लोकांना बाप्तिस्मा दिला. हे लोक बाहेरून आलेले नव्हते. कुणबी, कोळी, भंडारी, आगरी अशा इथल्याच जातींतले होते, आणि धर्म बदलला तरी शेत, जाळं आणि माड तेच राहिले. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडं आली. आपण हा भाग वसईच्या विजयापाशी थांबवतो. पण पुढची तीसपस्तीस वर्षं या ख्रिस्ती गावांवर पेशव्यांचा अंमल होता, हे फार कमी जण लक्षात घेतात. युद्धाच्या धामधुमीत पडलेलं माउंट मेरीचं देऊळ १७६१ साली पुन्हा उभं राहिलं, ते याच अंमलात. मग १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२च्या सालबाईच्या तहानं ती त्यांच्याकडं कायम झाली.

या इथल्या ख्रिस्ती लोकांना ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात, आता त्या नावाकडं येऊ. पुष्कळांना वाटतं, हे लोक पूर्वेकडून कुठून तरी आले असतील. तसं काही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गोव्याहून नोकरीसाठी ख्रिस्ती माणसं मोठ्या संख्येनं येऊ लागली. इथले ख्रिस्तीही तोवर ‘पोर्तुगीज’ म्हणूनच ओळखले जायचे. आम्ही इथले, कंपनी सरकारच्या चाकरीत आम्ही आधीपासून आहोत, हे ठसवायला त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव घेतलं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांची संघटनाही स्थापन झाली. भूमिपुत्र असल्याचं सांगण्यासाठी निवडलेल्या नावानंच ते पुढं परके वाटू लागले, ही गोष्ट मला फार लागते.

गावाचं शेत कसं गेलं, तेही सांगायला हवं. १८४५ पर्यंत माहीमहून वांद्र्याला यायचं तर खाडी होडीनं ओलांडायची. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले म्हणून माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरून जाणारा रस्ता, झाला. मग रेल्वे आली. १८७६ मध्ये वांद्र्याला नगरपालिका मिळाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि मोकळ्या हवेसाठी शहरातली माणसं साष्टीत घरं शोधू लागली. वांद्र्याच्या कितीतरी क्रुसांवर त्या सुमाराची सालं कोरलेली आहेत. साथ टळावी म्हणून वस्तीच्या नाक्यावर क्रूस उभारायचा आणि संध्याकाळी त्याच्यापुढं जमून प्रार्थना म्हणायची, ही रीत तेव्हा पक्की झाली. पुढं भाताची खाचरं भरून रस्ते आखले गेले, बंगल्यांचे प्लॉट पडले. १९१८ मध्ये साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तीही अशाच जमिनींवर.

शेत गेलं, गावठाण राहिलं. पाखाडी टिकली ती इथंच. लागवडीची जमीन विकता येत होती, पण चार भावांचा सामाईक ओटा कोण विकणार? मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, वारस कुणी माहीममध्ये, कुणी कॅनडात. वरच्या मजल्यावर जुना भाडेकरू. बाहेरचा जिना त्याच्याचसाठी, म्हणजे मालकाच्या घरातून न जाता वर जाता येतं. भाडं कायद्यानं बांधलेलं, गल्ली इतकी अरुंद की तिथं टॉवर बसत नाही. जी अडचण म्हणून आपण मोजतो तिनंच ही घरं राखली. मात्र त्या अडचणीचा त्रास तिथं राहणाऱ्यांनीच काढला. पावसाळ्यात कौल गळतं तेव्हा दुरुस्तीचा खर्च वारसा म्हणून कौतुक करणारे देत नाहीत, हे विसरू नये.

आता घराच्या आत चला. उन्हाळ्यात या वस्तीत बाटली मसाला व्हायचा. आधी मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, दोनतीन जातींच्या, एक रंगासाठी आणि एक तिखटासाठी. मग धणे, जिरं, हळकुंड, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, लवंग, दालचिनी, नागकेशर, दगडफूल, जायपत्री, आणि त्यात गहू आणि चण्याची डाळसुद्धा. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खसखस आणि हळकुंड एका आचेला सारखी भाजली जात नाहीत. मसाला कुटणाऱ्या बाया घरोघर फिरायच्या. लाकडी उखळीत दोघीतिघी आळीपाळीनं मुसळ घालायच्या, आणि गल्लीत शिरणाऱ्या माणसाला ठसका लागायचा. तयार मसाला बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा. गडद काचेतून ऊन जात नाही, रंग वर्षभर राहतो. प्रमाण घरागणिक वेगळं, आणि ते सासूकडून सुनेकडं जायचं.

सणासमारंभाला फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि आंबवायला ताडी. पीठ हातात घेऊन मुठीतून अंगठ्याजवळून पिळायचं, लिंबाएवढा गोळा गरम तेलात सोडायचा, तो टम्म फुगून स्वतःच उलटतो. लग्नाला उंबराचं पाणी, म्हणजे वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आणि त्यानं नवऱ्यामुलाला, नवरीला न्हाऊ घालायचं. बॅण्ड विलायती, रीत कोकणातली. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या, पाद्रीबाबांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा, मग त्या घरी आणून ठेवायच्या. आपल्याकडं दसऱ्याला नव्या पिकाचं तोरण बांधतात, त्याच दिवसांतली ही गोष्ट. वांद्र्यात आता भात होत नाही. जिथं शेती उरली आहे तिथून लोंब्या आणतात, पण आगेरा सोडलेला नाही.

भाषेचं मात्र तसं झालं नाही. इथली बोली उत्तर कोकणातली, आगरी आणि कोळी बोलींची बहीण, पोर्तुगीज शब्द पोटात घेतलेली. १८६३ मध्ये वांद्र्याला सेंट स्टॅनिस्लॉस शाळा निघाली, पुढं कॉन्व्हेंट आली. इंग्रजी शिकलं की रेल्वेत, बंदरात, पेढीत नोकरी पक्की. त्या पिढीनं मुलांसाठी तेच निवडलं आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण बोली आजीपाशी आणि लग्नाच्या गाण्यांत राहिली. बोलीभाषांच्या आपल्या चर्चेत वऱ्हाडी असते, अहिराणी असते, मालवणी असते. वांद्र्याच्या बोलीसाठी किती वेळा कुणी वही-पेन घेऊन ओट्यावर बसलं? ज्यांची पहिली भाषा हीच होती ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. हे काम तातडीचं आहे. आपल्यातले जे विद्यार्थी भाषा किंवा लोकसाहित्य शिकतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रबंधाचा विषय शोधत लांब जाऊ नका. लग्नाची गाणी, मसाल्याची प्रमाणं, विहिरींची आणि शेतांची नावं, सगळं नोंदवायचं बाकी आहे.

तुमच्यापैकी कुणी रणवारला जाणार असाल तर रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर जा, माणसं ओट्यावर असतात. हल्ली तिथं जुन्या घरांचे फोटो काढायला बरेच जण येतात. उघड्या दारातून कुणाच्या घरात कॅमेरा रोखू नका. आधी विचारा, आणि मराठीतून विचारा. समोर म्हातारी मावशी असेल तर बहुधा उत्तरही मराठीतच येईल.