पुसता येणारा केक

नमस्कार श्रोतेहो.

केकच्या कडेनं क्रीमची किनार काढताना सगळ्यात अवघड जागा कुठली, सांगू? शेवटची. गोल फिरून आपण जिथून निघालो तिथंच परत येतो, ती. तोवर शेल, म्हणजे शिंपल्यासारखे क्रीमचे फुगीर ठसे, एकसारखे उमटलेले असतात, आणि शेवटी उरते दीड शेलाची जागा. एक काढला तर फट राहते, दोन काढले तर चेंगरतात. खऱ्या केकवर ही जागा दोनदाच भेटते, एकदा खालच्या कडेला आणि एकदा वरच्या. एवढ्यावर हात बसत नाही. म्हणून आज मला डमीबद्दल बोलायचं आहे, म्हणजे केकच्या आकाराच्या थर्माकोलच्या ठोकळ्याबद्दल.

खोट्या केकवर मन लावून काम करण्याची रीत तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचं आयसिंग करायला बंदी आली. तेव्हा लग्नात पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा सजवलेला केक मांडायचे आणि त्याच्या पोटात छोटासा खरा केक असायचा. पण तो दिखाव्यासाठी होता. आपली डमी सरावासाठी आहे, तिच्यावरचं काम पुसण्यासाठीच करायचं.

मी सुरुवातीला नेमकं उलटं करायचे. डमी पूर्ण सजवायची, फुलं, पानं, मणी, सगळं. मग ती मोडवेना आणि आठवडाभर टेबलावर तशीच राहायची. त्या आठवड्यात सराव शून्य. आता मी डमीवर केक कधीच पुरा करत नाही. एका बैठकीत एकच गोष्ट घेते, ती काढते, खरवडते, पुन्हा काढते.

हिशेब बघा. 20 सेंटिमीटर व्यासाच्या डमीचा घेर साधारण 63 सेंटिमीटर भरतो. एक शेल पावणेदोन सेंटिमीटरचा धरला, तर एका फेरीत 36 शेल. चार फेऱ्या केल्या की 144 शेल झाले, आणि ती अवघड सांधायची जागा चार वेळा आली. खऱ्या केकवर इतका सराव मिळायला किती केक करावे लागतील, विचार करा.

शेल काढताना हाताकडे लक्ष द्या. पायपिंग बॅग, म्हणजे क्रीम दाबून काढायची पिशवी, निम्मीच भरा. जास्त भरली तर मुठीत मावत नाही, आणि तळहाताच्या उबेनं क्रीम सैल पडतं. तिच्या टोकाचं चांदणीच्या तोंडाचं स्टार नोझल 45 अंशांत तिरकं, पृष्ठभागाच्या किंचित वर. दाबा, क्रीम फुगू द्या, ते फुगतंय तसं नोझल जरासं उचला. मग दाब कमी करत खाली आणि आपल्याकडे ओढा. दाब पूर्ण थांबवा, आणि मगच नोझल काढा. बहुतेकांचं इथंच चुकतं. दाब चालू असताना हात उचलला की शेपटी लोंबते. पुढचा शेल आधीच्या शेलाच्या निमुळत्या टोकावरच सुरू करायचा.

आता ती शेवटची जागा. घेराएवढी कागदाची पट्टी कापा, दोनदा दुमडा, आणि त्या घड्यांनुसार डमीवर चार खुणा करा. प्रत्येक भागात 9 शेल यायला हवेत. पहिल्या खुणेशी आलात आणि अर्धा शेल मागे-पुढे झाला, तर पुढच्या नऊंमध्ये ओढ थोडी कमी-जास्त करा. नऊ शेलांत वाटली गेलेली चूक डोळ्यांना दिसत नाही. एका शेलावर आली की लगेच दिसते.

डमीची थोडी तयारी लागते. थर्माकोलमध्ये जवळजवळ 98 टक्के हवाच असते, त्यामुळे क्रीम सपाट करायचा स्क्रॅपर टेकवला की डमी सरकते. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं ती बोर्डाला चिकटवा, आणि बोर्डाखाली टर्नटेबलवर, म्हणजे केक फिरवायच्या चकतीवर, न घसरणारी जाळी घाला. डमीला क्लिंग फिल्म ताणून गुंडाळा, मग क्रीम अलगद निघतं. फाँडंटचा, म्हणजे लाटून केकवर पसरायच्या साखरेच्या कणकेचा सराव असेल तर फिल्म नको, त्यावर ते घसरतं. त्याऐवजी शॉर्टनिंगचा, म्हणजे वनस्पती तुपासारख्या घट्ट चरबीचा, पातळ हात फिरवा. डमीची वरची धार आधी बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या, कारण त्या धारेवर फाँडंट हमखास फाटतं.

सरावाच्या क्रीमला लोणी लागत नाही. शॉर्टनिंग, त्याच्या दुप्पट वजनाची आयसिंग शुगर आणि चमचा-दोन चमचे पाणी, एवढं पुरतं. खरवडलेलं क्रीम झाकणाच्या डब्यात ठेवा, पुढच्या वेळी फेटून घ्या. डब्यावर ‘सराव’ असं लिहून ठेवा, ते खाण्यात जाता कामा नये.

रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखरेचं कडक होणारं आयसिंग, वाळून घट्ट बसलं तर सुरीनं उकरू नका, थर्माकोलचे मणी निघतात आणि खड्डे पडतात. कोमट पाण्यात भिजवा. डमी तरंगते, म्हणून वर जड ताटली ठेवावी लागते. उकळतं पाणी मात्र नको, आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही नको. त्यातलं ॲसिटोन थर्माकोल विरघळवतं. नीट सांभाळलेली डमी वर्षानुवर्षं टिकते, आणि ती टिकवायलाच हवी, कारण फेकलेला थर्माकोल कुजत नाही.

एक गोष्ट डमी शिकवत नाही, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. ती दबत नाही, तिचा चुरा सुटत नाही. खरा केक स्क्रॅपरखाली किंचित हलतो आणि त्याचे कण क्रीममध्ये येतात. क्रम कोट, म्हणजे हे कण धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ थर, खऱ्या केकवरच शिकावा लागतो.

तरीही ज्या दिवशी खरा केक असतो त्या दिवशी मी आधी डमीच टर्नटेबलवर घेते. नवी स्वच्छ फिल्म, त्या दिवशीचंच क्रीम, तीच बॅग. एक फेरी काढते. क्रीम सैल आहे का, हात स्थिर आहे का, सांधा कसा जुळतोय, सगळं तिथं कळतं. मग डमी बाजूला ठेवते, केक टर्नटेबलवर येतो, आणि मधे काहीही न करता मी पहिला शेल दाबते.

नमस्कार.