मोकळा बर्फ : बॉबी ऑर आणि बचावपटूची घडण

(दृश्य : जॉर्जियन उपसागराचा गोठलेला काठ, नदीवरचा उंच रेल्वेपूल)

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, ह्यूरॉन सरोवराला लागून असलेल्या जॉर्जियन उपसागराच्या काठी पॅरी साउंड हे छोटे गाव वसले आहे. हा उंच पूल सेग्विन नदीवरचा आहे. ही नदी जिथे उपसागराला मिळते, तिथे हिवाळ्यात गावातल्या मुलांसाठी बर्फाचे विस्तीर्ण मैदान आपोआप तयार होत असे आणि त्यासाठी कोणालाही शुल्क द्यावे लागत नसे. २० मार्च १९४८ रोजी या गावात जन्मलेल्या बॉबी ऑरने आइस हॉकीतल्या बचावपटूच्या कामाची कल्पनाच पुढे बदलून टाकली. त्याला कोणी घडवले, हे अनेकदा सांगून झाले आहे. त्याला घडवणाऱ्यांनी कोणत्या गोष्टी करायचे टाळले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि आमच्या मते खरी शिकवण तिथेच आहे.

(दृश्य : गोठलेल्या पाण्यावर खेळणारी मुले)

या खेळाला तिथे ‘शिनी’ म्हणतात. त्यात पंच नसतो, शिट्टी नसते आणि कोणाची जागाही ठरलेली नसते. लहानमोठी सगळी मुले एकाच पकच्या, म्हणजे चपट्या रबरी चकतीच्या, मागे धावतात आणि ज्याच्याकडे पक असेल त्याने तो जमेल तितका वेळ सांभाळायचा असतो. अंगावर धावून येणाऱ्या डझनभर मुलांमधून पक घेऊन निसटताना मान वर ठेवण्याची, वेग बदलण्याची आणि ऐन क्षणी वळण्याची जी सवय लागते, ती फळ्यावर खडूने रेघा काढून लावता येत नाही. बॉबी ऑरचा पहिला वर्ग हा असा होता.

(दृश्य : जुनी छायाचित्रे; लहान मुलांचा संघ, शेजारी उभे असलेले प्रशिक्षक)

गावच्या संघात त्याला लाभलेले प्रशिक्षक विल्फ्रेड मॅकडोनाल्ड यांना सगळे ‘बको’ म्हणत. ते स्वतः नॅशनल हॉकी लीग या अव्वल व्यावसायिक स्पर्धेत बचावपटू म्हणून खेळले होते, डेट्रॉइटकडून १९३६ आणि १९३७ मध्ये व टोरांटोकडून १९४२ मध्ये त्यांनी तिच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला होता, आणि नंतर १९४५ ते १९५७ या काळात ते कॅनडाच्या संसदेचे सदस्यही होते. खेळाडू म्हणून त्यांची ख्याती जबर धडक देणारा, पण संथ स्केटिंग करणारा बचावपटू अशी होती. बॉबीला आघाडीवरून बचावात आणले ते त्यांनीच. इतका वेगवान आणि गोल करण्याची हातोटी असलेला मुलगा आघाडीलाच शोभेल, असे वडील डग ऑर यांना वाटत होते. मॅकडोनाल्ड आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

त्यांचे मोठेपण मात्र त्यापुढच्या वागण्यात आहे. बचावपटूने मागे थांबावे, पक मिळताच तो आघाडीच्या खेळाडूकडे द्यावा किंवा कडेच्या फळीवर आपटून आपल्या क्षेत्राबाहेर काढावा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती, आणि मॅकडोनाल्ड स्वतः त्याच रीतीत वाढले होते. तरीही त्यांनी या मुलाला आपली प्रतिकृती बनवले नाही. वाट मोकळी दिसली तर पक घेऊन थेट पुढे जाण्याची मुभा त्यांनी त्याला दिली. मागच्या जागेवरून निघणाऱ्या खेळाडूला संपूर्ण मैदान समोर दिसते आणि वेग घ्यायला जागाही मिळते, हे त्या निर्णयामागचे मर्म आहे.

(दृश्य : आजची रिंक, तेरा-चौदा वर्षांच्या बचावपटूंचा सराव)

ओंटारिओतल्याच एका गावच्या रिंकवरचा हा सराव थोडा सावकाश पाहावा. रिंक, म्हणजे फळ्यांनी वेढलेले बर्फाचे मैदान, सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते, पण प्रशिक्षकांनी त्यातला एक कोपराच वापरला आहे. तिथे दोघांविरुद्ध दोघे खेळत आहेत. जागा इतकी कमी ठेवली आहे, की प्रत्येक मुलाकडे पक पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी त्याला पळभरात काहीतरी ठरवावे लागते. पक आणायला कोपऱ्यात जाणाऱ्या मुलाने खांद्यावरून मागे दोनदा पाहिले, हे टिपून ठेवण्याजोगे आहे. मागे कोण आहे आणि किती जवळ आहे, हे आधीच कळलेला बचावपटू धडक चुकवू शकतो. दुसऱ्याला ते कळले नाही, आणि त्याच्याकडून पक हिरावला गेला. प्रशिक्षक ओरडले नाहीत. मुलगा बाकावर परतल्यावर त्यांनी त्याला विचारले, की पक घेण्याआधी तुला काय दिसले होते.

शिकवूच नये, असा याचा अर्थ नाही. उलटे स्केटिंग, दोन्ही बाजूंना सारख्याच सफाईने वळणे, स्केटच्या आतल्या व बाहेरच्या कडेवर तोल सांभाळणे, पुढून येणाऱ्या खेळाडूपासून किती अंतर ठेवायचे, स्टिकचे पाते कुठे धरायचे, या गोष्टी घोटून घ्याव्याच लागतात आणि त्यासाठी जाणता प्रशिक्षक लागतो. धडक कशी घ्यायची, फळीजवळ अंग कसे सांभाळायचे, हे तर मुलाच्या मर्जीवर सोडताच येत नाही, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तालमीत वस्ताद पट्ठ्याकडून डाव शंभरदा घोटवून घेतो, पण कुस्ती लागल्यावर कोणता डाव कधी टाकायचा, हे पट्ठ्यालाच ठरवावे लागते. हॉकीतही तंत्र शिकवायचे असते आणि निर्णय मुलावर सोपवायचा असतो. बाकावरून किंवा प्रेक्षकांतून ‘पास दे’, ‘मार’, ‘मागे ये’ असा सतत मारा सुरू झाला, की मूल समोरच्या खेळाडूकडे पाहण्याऐवजी आवाजाची वाट पाहू लागते. हुशार बचावपटूच्या बाबतीत हे नुकसान अधिक होते, कारण त्याची चूक स्वतःच्या गोलजवळ होते, ती लगेच सर्वांना दिसते, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून त्याला पक दूर भिरकावून द्यायला शिकवणे हा प्रौढांसाठी सर्वांत सोपा उपाय असतो.

(दृश्य : गॅनानोक्वे गावाचे जुने चित्रण; ओशावाच्या सामन्यांची छायाचित्रे)

१९६१ मध्ये गॅनानोक्वे येथील एका स्पर्धेत नॅशनल हॉकी लीगमधल्या बॉस्टन ब्रुइन्स या संघाची मंडळी दुसऱ्याच खेळाडूंना पाहायला आली होती, पण त्यांची नजर या बारा-तेरा वर्षांच्या शिडशिडीत मुलावर खिळली. पुढच्या वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो ओशावा जनरल्स या ज्युनियर संघात दाखल झाला आणि त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या खेळाडूंशी खेळू लागला. एवढ्या लहान वयात मुलाने घर सोडू नये, असे आई आर्व्हा यांचे मत असल्याने पहिल्या मोसमात तो पॅरी साउंडलाच राहिला आणि काही तासांचा प्रवास करून केवळ सामन्यांसाठी जात असे. संघाच्या सरावाला तो जातच नव्हता. सरावच नको, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. पण ज्या वयात आज अनेक मुलांचे वेळापत्रक बारमाही शिबिरांनी भरलेले असते, त्या वयात या मुलाची शाळा, घर आणि उपसागरावरचा बर्फ शाबूत राहिला, याचे श्रेय त्या माउलीला द्यायला हवे. १९६५-६६ च्या मोसमात ओशावासाठी त्याने ३८ गोलांसह ९४ गुण मिळवले (स्वतःचा गोल किंवा सहकाऱ्याच्या गोलला केलेले साहाय्य, प्रत्येकाचा एक गुण).

(दृश्य : बॉस्टन, गोलनंतर हवेत झेपावलेल्या ऑरचे छायाचित्र आणि रिंकबाहेरचा पुतळा)

१९६६ मध्ये, अठराव्या वर्षी, तो बॉस्टनकडून नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला. बॉस्टनचे मुख्य प्रशिक्षक म्हणून हॅरी सिंडेन यांचेही ते पहिलेच वर्ष होते, आणि त्यांनीही या मुलाला पक घेऊन पुढे जाण्यापासून अडवले नाही. १९६९-७० मध्ये लीगच्या गुणतक्त्यात अव्वल ठरलेला तो पहिला बचावपटू होता. पुढच्या मोसमात त्याने १३९ गुण मिळवले. १० मे १९७० रोजी सेंट लुईसविरुद्ध जादा वेळेच्या ४० व्या सेकंदाला त्याने केलेल्या गोलमुळे बॉस्टनला २९ वर्षांनी स्टॅन्ली कप मिळाला. छायाचित्र नीट पाहिले तर लक्षात येईल, की हा बचावपटू त्या क्षणी आक्रमणाच्या क्षेत्राची हद्द आखणाऱ्या निळ्या रेषेवर पहारा देत नसून प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या अगदी तोंडाशी आहे. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने सलग आठ वर्षे जिंकला. गुडघ्यांवरील वारंवारच्या शस्त्रक्रियांमुळे १९७८ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली.

(दृश्य : केल मकारच्या खेळाचे संग्रहित चित्रण)

ऑरनंतर अर्ध्या शतकाने तीच वाट दाखवणारा बचावपटू म्हणजे कॅल्गरीचा केल मकार. तो प्रतिष्ठित वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनियर स्पर्धेकडे न जाता अल्बर्टा प्रांताच्या तुलनेने दुय्यम मानल्या जाणाऱ्या लीगमध्ये ब्रुक्स बँडिट्सकडून खेळला. २०१७ मध्ये नॅशनल हॉकी लीगच्या नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कोलोराडो अ‍ॅव्हलांच या संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले, तरीही तो दोन मोसम मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळत राहिला. १३ एप्रिल २०१९ रोजी विद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना तो हरला आणि दोनच दिवसांनी, स्वतःच्या शहराच्या संघाविरुद्ध, नॅशनल हॉकी लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. २०२२ मध्ये स्टॅन्ली कप आणि नॉरिस करंडक हे दोन्ही त्याच्या नावावर जमा झाले. पुढच्या दृश्यात पकवर नजर न ठेवता त्याच्या पायांकडे पाहावे : निळ्या रेषेवर तो आधी डावीकडे झुकतो, समोरचा खेळाडू त्या बाजूला वळेपर्यंत थांबतो आणि मगच उजवीकडून आत शिरतो.