काढून टाका, पण कारण सांगा

नमस्कार श्रोतेहो.

इंटरनेटवरच्या द्वेषाबद्दल बोलायचं, तर सुरुवात रेडिओपासून करायला हवी. या बाबतीत आमचं माध्यमही काही धुतल्या तांदळासारखं नाही. जुलै १९९३ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात आरटीएलएम नावाचं एक खासगी केंद्र सुरू झालं. फक्कड गाणी, टवाळ गप्पा, श्रोत्यांचे फोन. सरकारी रेडिओच्या मानाने सगळा मोकळाढाकळा कारभार. लोकांना तो आवडला. त्याच गप्पांच्या ओघात तिथल्या अल्पसंख्य तुत्सी जमातीच्या माणसांना झुरळं म्हटलं जाऊ लागलं. एप्रिल १९९४ मध्ये नरसंहार सुरू झाला, तेव्हा याच केंद्रावरून माणसांची नावं आणि ठावठिकाणे सांगितले जात होते. सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली.

हे प्रक्षेपण विमानातून अडवता येईल का, याचा विचार अमेरिकेच्या संरक्षण खात्यात झाला होता. मे १९९४ मधलं त्याबद्दलचं टिपण पुढे उघड झालं. उपाय परिणामकारक नाही, आंतरराष्ट्रीय कायद्याची अडचण आहे आणि विमान उडवायला तासाला ८,५०० डॉलर लागतील, असा त्याचा सूर. केंद्र बोलत राहिलं.

ही हकिगत इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढे न्यायालयात काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवलं. अपिलात, २००७ मध्ये, शिक्षा कमी झाल्या. कारण अपिलाच्या न्यायाधीशांनी ६ एप्रिल १९९४ च्या, म्हणजे नरसंहार सुरू होण्याच्या, आधीचं प्रक्षेपण आणि नंतरचं प्रक्षेपण वेगवेगळं तोललं. आधीचं विखारी होतं खरं, पण ती नरसंहाराची थेट चिथावणी होती हे सिद्ध झालेलं नाही, असं ते म्हणाले. नंतरची मात्र होती. इतका रक्तपात डोळ्यांसमोर असतानाही त्यांनी विखार आणि चिथावणी एकाच गाठोड्यात बांधली नाही. आजच्या आपल्या वादात नेमकी हीच सबुरी हरवली आहे. एक बाजू म्हणते, जे जे वाईट ते ते पुसा. दुसरी म्हणते, एका शब्दाला हात लावलात तर लोकशाही बुडाली.

आता समाजमाध्यमांकडे येऊ. या कंपन्यांचं जुनं पालुपद असं की, आम्ही नुसती भिंत उभी केली, लिहिणारे लोक वेगळे. हे काही पटण्यासारखं नाही. भिंत कुणाच्या मागे धावत नाही. फेसबुकच्या आतलं २०१६ मधलं एक सादरीकरण २०२० मध्ये बाहेर आलं. अतिरेकी विचारांच्या गटांमध्ये जे लोक सामील होत होते, त्यांपैकी ६४ टक्के फेसबुकच्याच शिफारशीमुळे तिथे पोचले होते, असं त्यात नमूद होतं. ‘हा गट तुम्हाला आवडेल’ अशी जी चौकट पडद्यावर येते ना, ती. पुढे २०२१ मध्ये आणखी कागद बाहेर आले. रागावलेल्या चेहऱ्यासह सगळ्या भावचिन्हांना एके काळी साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं जात होतं. म्हणजे ज्या मजकुरावर माणसं संतापतात तो वर सरकणार. संतापलेली माणसं जास्त वेळ थांबतात, आणि थांबलेल्या माणसाला जाहिराती दाखवता येतात. सगळा हिशेब इतका सरळ आहे.

त्यामुळे कंपन्यांनी मजकुरात ढवळाढवळ करावी का, हा प्रश्नच मला जरा लबाडीचा वाटतो. ढवळाढवळ रोज चालली आहे. कुठलं वर चढवायचं हे जो ठरवतो, त्याला काही गोष्टी उतरवायला सांगितल्या तर त्याने स्वातंत्र्याच्या नावाने गळा काढू नये. कायद्याचंही तसंच. अमेरिकेच्या राज्यघटनेतली भाषणस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी कंपनीचे नाही. शिवाय १९९६ च्या कायद्यातलं ते प्रसिद्ध कलम २३० कंपनीला दोन्हीकडून वाचवतं. लोकांच्या मजकुरासाठी कंपनी सहसा जबाबदार धरली जात नाही, आणि प्रामाणिक हेतूने आक्षेपार्ह मजकूर काढला तर त्याबद्दलही तिला कोर्टात खेचता येत नाही.

तेव्हा माझं मत उघडच सांगतो. हल्ल्याचं आवाहन, माणसांच्या पत्त्यांच्या याद्या, दहशतवादी टोळीची भरती आणि हत्येचा जल्लोष काढून टाकलाच पाहिजे, आणि तोही वेगाने. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवर हल्ला झाला. ५१ माणसं मारली गेली. मारेकऱ्याने त्याचं थेट प्रक्षेपण फेसबुकवर केलं. ते १७ मिनिटं चाललं. फेसबुकने नंतर दिलेल्या माहितीनुसार थेट पाहणारे २०० सुद्धा नव्हते, आणि त्यांतल्या एकानेही ते चालू असताना तक्रार केली नाही. पहिली तक्रार आली ती सुरुवातीपासून २९ मिनिटांनी. चित्रफीत काढली जाईपर्यंत ती सुमारे ४,००० वेळा पाहिली गेली होती. हा आकडा छोटा वाटेल. पण पुढच्या २४ तासांत तिच्या १५ लाख प्रती फेसबुकला हटवाव्या लागल्या. त्यांतल्या १२ लाख चढतानाच अडल्या. उरलेल्या ३ लाख चढल्या, आणि मग शोधून काढाव्या लागल्या.

अडल्या कशा, हेही समजून घेण्यासारखं आहे. ओळखलेल्या चित्रफितीचा एक डिजिटल ठसा तयार करतात आणि नवीन येणारी प्रत्येक फीत त्या ठशाशी ताडून पाहतात. २०१७ पासून मोठ्या कंपन्या दहशतवादी मजकुराचे असे ठसे एकमेकांना देतात. मात्र चित्राची कड कापली, पडद्यावरून पुन्हा चित्रित केलं, रंग बदलला की ठसा बदलतो. क्राइस्टचर्चच्या फितीच्या अशा ८०० हून अधिक वेगवेगळ्या आवृत्त्या सापडल्या. म्हणजे काही माणसं मुद्दाम बसून हे उद्योग करत होती.

हाकललेले लोक दुसरीकडे जमतात, मग हाकलून उपयोग काय, असं विचारणारे पुष्कळ असतात. रेडिट या संकेतस्थळाने २०१५ मध्ये द्वेषाला वाहिलेले काही गट बंद केले. संशोधकांनी नंतर पाहिलं, तर त्या गटांतले बरेच सदस्य निघून गेले होते, आणि जे राहिले त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली होती. अर्थात पुढच्या वर्षांत बंद झालेल्या काही गटांनी स्वतःचं वेगळं दुकान थाटलं. तिथे गर्दी कमी, पण एका गटाची भाषा आणखी जहाल झाली. हे नुकसान खरं आहे. पण नवा, कुतूहलापोटी आलेला माणूस त्या दुकानात सहसा वाट चुकून पोचत नाही, आणि मला त्याची काळजी जास्त आहे.

इथवर मी काढणाऱ्यांच्या बाजूने बोललो. आता मला सगळ्यात जास्त खटकतं ते सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या मेळाव्यात हिंसाचार झाला. त्यानंतर, संकेतस्थळांना हल्ल्यांपासून संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने एका नवनाझी संकेतस्थळाची सेवा बंद केली. कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की, आज सकाळी माझं डोकं फिरलेलं होतं, म्हणून मी यांना इंटरनेटवरून हाकललं. आणि पुढे हेही लिहिलं की, अशी ताकद कुणाच्याच हातात असू नये. ते संकेतस्थळ गेलं याचं मला तिळमात्र दुःख नाही. पण एका माणसाची सकाळ कशी उजाडली यावर निर्णय ठरावा? जानेवारी २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, द्वेषपूर्ण वर्तनाचे आपले नियम सैल केले. काल जे बसत नव्हतं ते आज बसू लागलं. ज्यांच्याबद्दल तो मजकूर लिहिला जातो, त्यांना कुणी विचारलं नाही.

मग सरकारने कायदा करावा का? जर्मनीने केला. १ जानेवारी २०१८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. उघडउघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढायचा, नाहीतर ५ कोटी युरोपर्यंत दंड. त्यानंतर काही दिवसांतच ‘टायटॅनिक’ या विडंबन मासिकाचं ट्विटर खातं गोठवलं गेलं. मासिकाने एका उजव्या खासदाराच्या द्वेषपूर्ण ट्विटची टिंगल केली होती. टिंगल करायची तर त्या भाषेची नक्कल आलीच, आणि नक्कलच पकडली गेली. ठेवण्याबद्दल दंड होता आणि चुकून काढण्याबद्दल काहीच नव्हता, असं म्हटल्यावर कंपनी काढणारच. तिथे बसलेला कर्मचारी तरी काय करील? त्याच्यासमोर दिवसभर गळे चिरल्याच्या फिती येत असतात. अशा कामाने मनावर झालेल्या जखमांपोटी फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांशी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. त्याच्याकडून विडंबनाची रसिक पारख होईल, ही अपेक्षाच चुकीची.

यंत्रावर सोपवलं तर वेगळीच पंचाईत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये यूट्यूबच्या नव्या स्वयंचलित यंत्रणेने सीरियातल्या युद्धाच्या असंख्य फिती उडवल्या. अत्याचार करणाऱ्यांचा प्रचार आणि अत्याचार सोसणाऱ्यांनी जमवलेले पुरावे, दोन्हींत दिसतं तेच. यंत्राला फरक कळला नाही. योगायोग पाहा, त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या महमूद अल-वेरफली या लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, आणि त्याचा मोठा आधार समाजमाध्यमांवर आलेल्या हत्येच्या फितीच होत्या. लोकांच्या डोळ्यांसमोरून हटवणं निराळं आणि नष्ट करणं निराळं. हटवलेलं कुलूपबंद जपून ठेवणं आणि न्यायालयाने मागितलं तर देणं, हे बंधन हवंच. आणि ज्याचं काढलं त्याला कुठल्या नियमाखाली काढलं ते लेखी कळायला हवं, दाद मागायला जागा हवी. युरोपच्या नव्या डिजिटल सेवा कायद्यात लेखी कारण आणि दाद, ही दोन्ही कलमं आहेत. २०२४ पासून तो तिथे पूर्णपणे लागू झाला. त्याची अंमलबजावणी रडतखडत चालेल, पण मसुदा लिहिणाऱ्यांना दुखणं कळलं होतं.

जाता जाता म्यानमारबद्दल बोलायलाच हवं. तिथे फेसबुक म्हणजेच इंटरनेट, अशी स्थिती होती. २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे बर्मी भाषेतला आक्षेपार्ह मजकूर तपासणारी माणसं होती दोन. त्यात देशात बहुतेकांच्या फोनवर झॉजी नावाची जुनी अक्षरपद्धत होती, ती यंत्रांना धड वाचता येत नसे. रोहिंग्यांना ठार मारा, अशा अर्थाच्या एका मजकुराचं फेसबुकच्या यंत्राने केलेलं भाषांतर होतं की, म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य नको. तक्रार घेऊन जाणार कुणाकडे? लष्करप्रमुखाचं खातं बंद झालं ते ऑगस्ट २०१८ मध्ये. तोपर्यंत ७ लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पोचले होते. आपण पुरेसं केलं नाही, असं कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मान्य केलं.

म्हणून मी एकच कलम मागून घेईन. ज्या भाषेत तुम्ही जाहिराती विकता, त्या भाषेतला मजकूर तपासणारी तुमची माणसं किती, ते दरवर्षी जाहीर करा. हे अशक्य नाही. त्याच युरोपीय कायद्याखाली सर्वांत मोठ्या कंपन्यांना असे भाषावार आकडे द्यावे लागतात. फक्त ती यादी युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांपुरती आहे. बर्मी तिच्यात नाही. आपली मराठीही नाही.

नमस्कार.