टिकलीएवढा जोड

सकाळचे सात. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पहिली शिफ्ट सुरू झाली आहे. महिंद्राचा कारखाना इथलाच. त्याच्या भोवताली, आणि पलीकडे अंबडला, सुटे भाग बनवणारी कितीतरी छोटी युनिट्स. त्यातल्याच एका शेडमध्ये पत्र्याचे दोन तुकडे तांब्याच्या दोन टिपांमध्ये दाबले जातात. क्षणभर हजारो अँपिअरचा करंट जातो. पत्रे जिथे टेकले तिथेच धातू वितळतो आणि लगेच थिजतो. स्पॉट वेल्डिंग. मोटारीच्या एका बॉडीत असे काही हजार जोड असतात. एकेक जोड कपाळावरच्या टिकलीएवढा.

करंट कमी पडला तर पत्रे नुसते चिकटतात. जास्त झाला तर ठिणग्या उडून वितळलेला धातूच बाहेर फेकला जातो. करंट दीडपट, की उष्णता सव्वादोनपट!

एम.ई.ची एक विद्यार्थिनी आपला प्रोजेक्ट घेऊन या मशीनपाशी उभी आहे. करंट, वेळ, दाब, टिपेचा व्यास. यांची कोणती जुळणी सर्वात पक्का जोड देते, हे तिला शोधायचंय. चौघांच्या तीन-तीन पातळ्या धरल्या तर 81 जुळण्या होतात. चालू उत्पादन थांबवून एवढा वेळ कोण देणार?

तिच्या वहीतल्या तक्त्यात 9 ओळी आहेत. 81 पैकी नऊच जुळण्या, पण अशा निवडलेल्या की प्रत्येक पातळी सारख्याच वेळा येते. थोड्या प्रयोगांत उत्तर शोधायची ही पद्धत जपानचे अभियंते गेनिची तागुची यांनी कारखान्यांत रुजवली. अशा मांडण्यांचं गणित 1940च्या दशकात आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी उभं केलं, आणि 1954-55मध्ये तागुची स्वतः कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन गेले. वर्गात हा तक्ता शिकवताना एवढं तरी सांगायला हवं.

मात्र तीन पातळ्या कोणत्या घ्यायच्या, हे तक्ता सांगत नाही. ते वेल्डरकाका सांगतात. "ताई, एवढ्यावर नका नेऊ, ठिणगी मारेल. आणि टिप घासून घ्या आधी." वापरून टिप चपटी होते, करंट पसरतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर तर तांब्यात जस्त मिसळून ती आणखी लवकर खराब होते. हे सांभाळलं नाही, तर नऊच्या नऊ आकडे फसवे.

नऊ ओळींवरून निघालेली उत्तम जुळणी त्या नवांत असेलच असं नाही. म्हणून दहावा जोड मारायचा, पत्रा व्हाइसमध्ये धरायचा आणि सोलायचा. जोड पक्का असेल तर तो सुटत नाही. एका पत्र्याला भोक पडतं आणि धातूची टिकली दुसऱ्यावर राहते.

काकांनी पक्कड हातात घेतली आहे.